भराव बिल्डरचा, पाणी गावाचे

वसई रोड आणि नायगाव या दोन स्टेशनांच्या पश्चिमेच्या अंगाला उमेळे गाव. भाताची आणि वाडीची जमीन, त्यापुढे खाजण, मिठागरे आणि पलीकडे वसईची खाडी. मुंबईकडून येणारी लोकल खाडीपूल ओलांडून आली की पहिली लागते ती हीच सखल पट्टी. तेव्हा बिल्डर लोकांची नजर तिच्यावर पडली नसती तरच नवल!

जमीन विकावी की न विकावी, हा या लेखाचा विषय नव्हे. ज्याची जमीन तो बघेल. मुलीचे लग्न, पोराचे शिक्षण, भातात मजुरीसुद्धा सुटत नाही, ही कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. बाहेरच्याने त्यात शहाणपण शिकवू नये. बांधकाम कंपनीने नफा कमवावा याबद्दलही तक्रार नाही. नफ्याशिवाय कोण धंदा करतो? प्रश्न इतकाच, की त्या नफ्यातला किती भाग गावाच्या खिशातून जातो? हा हिशेब आजवर कोणी नीट मांडलेला नाही, म्हणून तो येथे मांडत आहोत.

चार फुटांचा हिशेब

सखल जमिनीत इमारत उभी करायची तर आधी भराव येतो. मुरूम येतो, कधी पाडलेल्या इमारतींचा राडारोडा येतो. रस्त्याच्या पातळीला आणायची म्हणून जमीन चार फूट उचलली, असे धरू. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर चार फूट, म्हणजे १.२ मीटर भराव टाकला की सुमारे ४,८५० घनमीटर पोकळी भरून गेली. लिटरमध्ये सांगायचे तर साडेअठ्ठेचाळीस लाख लिटर. दहा हजार लिटरचे ४८५ टँकर पाणी जिथे थांबत होते, तिथे आता एक थेंब थांबणार नाही.

दुसरी बाजू पाहा. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे आषाढात नवलाचा नाही. तेवढ्या पावसाने एकरावर चार लाख लिटर पाणी पडते. म्हणजे तो सखल एकर रिकामा असताना स्वतःचे आणि शेजारच्या अकरा एकरांचे दिवसभराचे पाणी पोटात घेत होता. भराव झाल्यावर त्याने ते घेणे बंद केले. एवढेच नव्हे, वर काँक्रीट झाल्यामुळे स्वतःचे पाणीही तो शेजाऱ्याच्या पडवीत ढकलू लागला. बिल्डरच्या वहीत याची कुठेच नोंद नाही. तिथे मुरमाचे पैसे आहेत, डंपरचे भाडे आहे, पण पाण्याच्या हरवलेल्या जागेची किंमत शून्य आहे. ती किंमत भरतो तो भिजलेले तांदूळ उन्हात घालणारा माणूस.

येथे पाणी थांबण्याला इतके महत्त्व का, हे नव्या वस्तीतल्या माणसाला कळत नाही. जुन्या शेतकऱ्याला कळते. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. तिथले पाणी उताराने पश्चिमेला येते, रेल्वेच्या मोऱ्यांतून निघते आणि नाल्यांवाटे सोपारा खाडी किंवा वसईच्या खाडीला मिळते. पण खाडी नेहमी घ्यायला तयार नसते. भरती असली की उघाडीची झडप मिटते, ओहोटी लागली की उघडते. मधल्या पाच-सहा तासांत पाण्याने कुठे तरी बसायचे असते. खाजण, मिठागर, तळे, बावखल ही त्याची बसायची जागा. ती भरून टाकली आणि वर नाला अरुंद केला, तर पाणी कुठं जाणार? लोकांच्या घरात!

जुलै २०१८ मध्ये नेमके हेच झाले. ९ आणि १० जुलैच्या पावसात वसई तालुका पाण्याखाली गेला, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, विरारपर्यंतची लोकल थांबली आणि वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे अडकून पडली. त्यानंतर महानगरपालिकेने आय.आय.टी. मुंबई आणि नीरी या संस्थांकडून कारणे तपासून घेतली. त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक होता धारण तलावांचा, म्हणजे भरतीच्या वेळी पाणी साठवून ठेवण्यासाठी जागा राखण्याचा. थोडक्यात, जे खाजण फुकट करत होते, ते आता सरकारी पैशाने खोदून करायचे.

कमान दिली, नाला घेतला

गावात बिल्डर आला की देवळाची कमान येते, क्रिकेट सामन्यांची ढाल येते, गणपतीची वर्गणी येते. "काका, काळजी करू नका, गावासाठी आम्ही आहोतच," असे त्याचा माणूस सांगतो. यात वाईट काही नाही. पण ही देणगी झाली, देणे नव्हे. देणगी खुशीची असते, देणे हिशेबाचे.

मोठ्या कंपन्यांवर २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक कामासाठी नफ्याचे २ टक्के खर्चण्याचे बंधन आहे. पण ते ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीलाच. आपल्याकडची बहुतेक कामे भागीदारी पेढ्या करतात. त्यांना हा कायदा लागूच नाही. म्हणून दोन टक्क्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. जे इतर नियमांनी आधीच बांधील आहे, ते तरी पदरात पडते का ते पाहावे.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडावर पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय करावी लागते. वीस हजार चौरस मीटर बांधकामाच्या पुढे, २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे, पर्यावरण मंजुरी लागते. खारफुटीबद्दल तर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती अधिक पक्की केली. खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करता येत नाही. भरावाचा मुरूम विनापरवाना आला असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. तलाठी मंडळींना (आता ग्राम महसूल अधिकारी) हे सांगायला नको; डंपर रात्री येतात तेवढेच अवघड जाते.

आता मुद्दा असा, की हे सगळे नीट केले तर बिल्डर बुडतो का? आमच्या मते नाही. भराव फक्त इमारतीच्या जोत्यापुरता आणि रस्त्यापुरता टाकावा. ती १० टक्के मोकळी जागा उचलून वर लॉन लावण्याऐवजी मूळ पातळीवर ठेवावी, पावसाळ्यात तिचे तळे होऊ द्यावे. भरावाचे पैसे वाचतात ते वेगळेच. नाल्यावर मोरी टाकायची तर सुरुवातीला मोठी टाकायला जो खर्च येतो, तो पुढे रस्ता फोडून दुसरी टाकण्यापेक्षा किती तरी कमी असतो. पर्जन्यजल योजनेतही डोके वापरावे लागते. खाजणालगत खालचे पाणी खारे आणि वर आलेले असते. तिथे शोषखड्डा म्हणजे कागदावरची रेघ. तिथे टाकी बांधावी. गास, निर्मळ, आगाशीकडच्या वाड्यांत मात्र पाणी जिरवलेले विहिरीला मिळते, आणि तिथे बावखल बुजवून बंगला बांधणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. छप्पर ५०० चौरस मीटरचे असेल आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर दहा लाख लिटर पाणी त्यावर पडते. त्यातले निम्मे धरले तरी सोसायटीचे टँकरचे बिल कमी होते.

टँकर म्हटले की वसईकरांना जुना लढा आठवेल. १९९० मध्ये या भागासाठी सिडको आली, इमारती वाढल्या आणि वाड्यांतल्या विहिरींतून उपसलेले पाणी टँकरने जाऊ लागले, तेव्हा हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. २०२४ मध्ये ते गेले. तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणणारे कमी नव्हते. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली होती. आज शहराची तहान भागवायला सूर्या प्रकल्पाचे १८५ दशलक्ष लिटर पाणी रोज मंजूर आहे. हे धरण डहाणू-पालघरच्या शेतीसाठी म्हणून बांधले गेले होते. तेव्हा उमेळ्याच्या बाजूच्या टॉवरमधला नळ सुटतो, त्याचा थोडा भार धामणीच्या खालच्या शेतकऱ्यावरही पडतो, हे ध्यानात असू द्यावे.

जमीनमालका, सही करण्याआधी

शेतकऱ्याच्या हातात सर्वात मोठे हत्यार विकासकराराच्या दिवशी असते, आणि नेमके त्याच दिवशी ते तो टेबलावर ठेवून येतो. करारात टक्के असतात, रक्कम असते, कुलमुखत्यारपत्र असते. पाण्याचे एक वाक्य नसते. नाल्याची रुंदी कमी करणार नाही, भरावाची पातळी अमुक फुटांपेक्षा वर जाणार नाही, शेजारच्या शेताकडे जाणारी वाट व चर मोकळा ठेवीन, ही तीन वाक्ये वकिलाकडून घालून घ्यायला किती वेळ लागतो? बिल्डर बहुधा नाही म्हणत नाही. त्याला जमीन हवी असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रोख रकमेऐवजी इमारतीतला किंवा विक्रीतला वाटा घेणारा जमीनमालक महारेराच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे सह-प्रवर्तक ठरतो. म्हणजे ग्राहकाच्या लेखी तोही बिल्डर! ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त सदनिका असल्या की नोंदणी लागते, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. "आम्ही फक्त जागा दिली," हे उत्तर तिथे चालत नाही. भाऊबंदांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

स्वस्तात उरकलेल्या कामाची किंमत काय होते, हे आपल्या तालुक्याने २०२५ मध्ये पाहिले. वर्षाच्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. जागा होती मलनिस्सारण प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव. पैसे भरून घर घेतलेली माणसे रस्त्यावर आली. आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टच्या रात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसे गेली. इमारत अनधिकृत होती. बिल्डरचा नफा त्याच्याकडे केव्हाच पोचला होता.

हडपसरच्या मगरांनी काय केले

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. पुणे वाढत वाढत हडपसरला येऊन भिडले, तेव्हा मगर भावकीतल्या सुमारे १२० कुटुंबांनी तुकड्या-तुकड्याने जमीन विकण्याचे नाकारले. सतीश मगर यांच्या पुढाकाराने चारशेहून अधिक एकर एकत्र केले, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग वाटून घेतले. २००० च्या सुमारास मगरपट्टा सिटीचे काम सुरू झाले. घरची पोरे वाहतूक, बाग, बांधकाम साहित्य अशा ठेक्यांत शिरली. पाणलोट, हिरवा पट्टा, ओल्या कचऱ्याची विल्हेवाट हे सगळे आधीच आराखड्यात होते. याचे साधे कारण असे, की बांधणारा आणि तिथे पुढे राहणारा माणूस एकच होता.

हे जसेच्या तसे उमेळ्याला लागू होईल असे आम्ही म्हणत नाही. तिथे एक भावकी आणि सलग जमीन होती. आपल्याकडे गुंठ्यांचे तुकडे, कुळांचे वाद आणि सातबाऱ्यावर वीस-वीस नावे. शिवाय तिथेही जमीन नसलेल्या मजुराला भाग मिळाला नाही, हे विसरू नये. पण पाच-सात खातेदारांनी एकाच बिल्डरशी एकाच दिवशी, एकाच अटींवर बोलणे, एवढे तरी इथे जमण्यासारखे आहे. एकेकटे गेले तर पहिल्याने काय कबूल केले ते दुसऱ्याला कळत नाही, आणि तिसऱ्याच्या शेताकडे जाणारा चर कधी बुजला तेही कळत नाही.

मजुरांचा विषय थोडक्यात. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का कामगार उपकर १९९६ च्या कायद्याने सुरू झाला. तो परवानगी घेतानाच भरला जातो. पण नाक्यावरच्या मजुराची मंडळाकडे नोंदणी नसेल तर त्याला त्यातले काही मिळत नाही. वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबांची दशा तर पालघर जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. राखेच्या विटा वापरल्या तर शेताची वरची माती वाचते, आणि राख डहाणूच्या औष्णिक केंद्रातून याच जिल्ह्यात निघते.

गावकऱ्यांनी कुठे बोट ठेवावे

महानगरपालिका २००९ मध्ये झाली आणि तिच्या हद्दीतल्या गावांची ग्रामसभा गेली. तालुक्याच्या पूर्व भागात ज्या ग्रामपंचायती आहेत त्यांना ठराव करता येतो, तो त्यांनी करावा. पालिकेतल्या गावांना अर्जाशिवाय मार्ग नाही. अर्ज कधी करावा हे मात्र महत्त्वाचे. इमारत सात मजले चढल्यावर केलेला अर्ज फायलीत जातो. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रानंतर जोत्याची तपासणी होते. भरावाची पातळी आणि नाल्याची रुंदी तपासायची वेळ ती. त्यानंतरचा शेवटचा टप्पा भोगवटा प्रमाणपत्राचा. पर्जन्यजल, मोकळी जागा, मोरी यांपैकी काही अपुरे असेल तर ते प्रमाणपत्र देण्याआधी लेखी हरकत पोचलेली असावी आणि पोच घेतलेली असावी.

मोठ्या प्रकल्पांबाबत आणखी एक दार उघडे आहे. इमारतींच्या पर्यावरण मंजुरीला जनसुनावणी होत नाही, त्यामुळे गावाला आधी काही कळत नाही. पण मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. जूनचा अहवाल पावसाच्या तोंडावर येतो. तो मागून घ्यावा, त्यात पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचे पान काढावे, आणि दोन-चार जाणत्या माणसांनी फूटपट्टी घेऊन नाल्यावर जाऊन ताडून पाहावे.