पिवळा दिवा किती सेकंदांचा?

मोबाइलवर ई-चलनाचा मेसेज आला की घरात आधी एकच चौकशी सुरू होते. त्या दिवशी गाडी कोणाकडे होती? धाकटा म्हणतो, मी क्लासला बसने गेलो होतो. थोरली म्हणते, माझ्याकडे स्कूटर असते, बाइकचं मला विचारू नका. वडील चष्मा लावून फोटो मोठा करून बघतात. फोटोत गाडीची मागची बाजू, नंबर, पांढऱ्या पट्टीच्या पुढे गेलेलं चाक आणि कोपऱ्यात लाल ठिपका. मग कोणी चरफडत पैसे भरतं, कोणी लोकअदालतीत दंड कमी होईल म्हणून थांबतं. पण पट्टी ओलांडली तेव्हा दिवा लाल होऊन किती वेळ झाला होता आणि त्याआधी पिवळा किती वेळ होता, हे विचारणारा क्वचितच भेटतो. सिग्नलच्या दंडातली खरी मेख तिथेच आहे.

हा प्रश्न विचारून एका माणसाने आपल्या राज्य सरकारला चांगलंच जेरीस आणलं. अमेरिकेत ओरेगन राज्यात बीव्हर्टन नावाचं शहर आहे. तिथे ॲलन बुलेव्हार्ड आणि लोम्बार्ड ॲव्हेन्यू या रस्त्यांच्या चौकात २०१३ मध्ये कॅमेऱ्याने एका बाईंना लाल दिव्यावर वळताना टिपलं आणि दंडाची नोटीस घरी आली. त्यांचे पती मॅट्स यार्लस्ट्रॉम मूळचे स्वीडनचे, इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलेले. त्यांनी चौकातल्या दिव्यांच्या वेळा मोजल्या आणि पिवळ्याचे सेकंद कुठल्या हिशेबाने ठरतात ते शोधत थेट १९६० सालच्या एका शोधनिबंधापर्यंत पोचले. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या डेनॉस गॅझिस, रॉबर्ट हर्मन आणि ॲलेक्सी मॅराडुडिन या तिघांनी तो लिहिला होता. जगभरातल्या वाहतूक अभियंत्यांचं पिवळ्याचं गणित बव्हंशी त्यावर उभं आहे.

गणित अवघड नाही. दिवा पिवळा झालेला दिसला की चालकाला ते उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद धरतात. त्यानंतर गाडी झटका न बसता, मागच्याला धडकू न देता थांबायला हवी. त्यासाठी दर सेकंदाला वेग सुमारे तीन मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असं मानतात. गाडी ताशी ५० किलोमीटरने येत असेल तर अशा रीतीने थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात. आता पिवळा तीन सेकंदांचा आहे असं समजा. त्याच वेगाने गाडी तीन सेकंदांत सुमारे ४२ मीटर जाते. म्हणजे पिवळा लागला तेव्हा जो पट्टीपासून ४४ मीटरवर होता, त्याला नीट थांबताही येत नाही आणि लाल व्हायच्या आत पट्टीपर्यंत पोचताही येत नाही. त्याने काहीही केलं तरी चूक त्याचीच. वेग ताशी ६० असेल तर थांबायला ६२ मीटर हवेत आणि तीन सेकंदांत ५०च मीटर कापले जातात. बारा मीटरचा हा पट्टा म्हणजे प्रामाणिक माणसासाठी लावलेला सापळा. त्यातून सुटायचे मार्ग दोनच : कचकचून ब्रेक दाबा, नाहीतर ॲक्सिलरेटर पिळा. आपल्या चौकांत कुठला मार्ग पत्करला जातो ते सांगायला नको.

हा पट्टा पुसायचा तर पिवळा वाढवावा लागतो. याच सूत्राने ताशी ५०ला सुमारे ३.३ सेकंद येतात, ६०ला सुमारे ३.७. फरक पाव-पाऊण सेकंदाचा, पण कॅमेऱ्यासाठी तेवढा पुरतो.

यार्लस्ट्रॉम यांचा मुद्दा आणखी बारीक होता. सूत्र सरळ जाणाऱ्या गाडीसाठी लिहिलेलं आहे. वळणाऱ्या गाडीला चौकात शिरण्यापूर्वी वेग कमी करावाच लागतो, म्हणून तेवढंच अंतर कापायला तिला जास्त वेळ लागतो. म्हणजे जो नियमाने, सांभाळून वळतो त्याच्यावरच लाल दिवा आधी येतो. मूळ लेखकांपैकी मॅराडुडिन यांनीही वळणाऱ्या गाड्यांना हे सूत्र लावणं बरोबर नाही, असं सांगून त्यांना दुजोरा दिला.

यार्लस्ट्रॉम यांनी हे सगळं राज्याच्या अभियंता परवाना मंडळाला लिहून कळवलं. पत्रात त्यांनी स्वतःला इंजिनियर म्हटलं होतं. मंडळाने पिवळ्याचं गणित बाजूला ठेवलं आणि परवाना नसताना अभियांत्रिकी केल्याबद्दल यार्लस्ट्रॉम यांनाच ५०० डॉलर दंड ठोठावला! सिग्नलच्या दंडाबद्दल विचारायला गेलेल्या माणसाला दुसरा दंड. सरकारी कचेरीत असं काही आपल्याकडेच होतं असा समज असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. ते कोर्टात गेले. दंड परत मिळाला आणि डिसेंबर २०१८ मध्ये संघराज्य न्यायालयाने अशा विषयावर बोलण्याचा आणि स्वतःला इंजिनियर म्हणवण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. २०२० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनियर्स या संस्थेने आपल्या शिफारशींमध्ये वळणाऱ्या वाहनांसाठी वाढीव हिशेब घेतला.

शिकागोची गोष्ट थोडक्यात. तिथे पिवळा किमान तीन सेकंदांचा असायला हवा होता. कॅमेऱ्यांचा ठेका नव्या कंपनीकडे गेल्यावर २.९ सेकंदांच्या पिवळ्यावर टिपलेल्या गाड्यांनाही पावत्या जाऊ लागल्या. २०१४ मध्ये शहराच्याच महानिरीक्षकांच्या तपासात अशा सुमारे ७७ हजार पावत्या निघाल्या. दंडाच्या रकमेवर नजर ठेवून कॅमेरे चालवले की सेकंदाचा दहावा भागही किती मोलाचा होतो ते यात दिसतं.

एवढं वाचून कॅमेरेच नकोत असा निष्कर्ष कोणी काढू नये. लाल असताना बिनदिक्कत घुसणारे, समोरच्याचा हिरवा संपायच्या आत गाडी रेटणारे आपल्या प्रत्येक चौकात आहेत, आणि त्यांना मामा दिसले तरच नियम आठवतो. कॅमेऱ्यापुढे ‘जाऊ द्या ना साहेब’ चालत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याने अपघात कमी होतात का, याचा एक चांगला अभ्यास अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने २००५ मध्ये सात ठिकाणच्या १३२ चौकांवर केला. बाजूने येऊन आदळण्याचे अपघात सुमारे २५ टक्क्यांनी घटले. मागून धडकण्याचे मात्र सुमारे १५ टक्क्यांनी वाढले, कारण कॅमेऱ्याच्या धास्तीने पुढचा अचानक थांबतो. बाजूची धडक जास्त जीवघेणी, म्हणून हिशेब एकंदरीत कॅमेऱ्याच्या बाजूने लागला. पण तो मुख्यतः चारचाकींचा देश. जिथे मागून ट्रक आणि पुढे दुचाकीवर तिघं, तिथे मागची धडक किरकोळ म्हणून सोडून देता येणार नाही. पिवळा पुरेसा ठेवणं आपल्याकडे उलट जास्त गरजेचं आहे.

जाता जाता एक गंमत. रस्त्यावरच्या अशा कॅमेऱ्यांचा एक जनक मॉरिस गॅट्सोनिडीज हा डच रॅलीपटू. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली होती. वळणावर स्वतःचा वेग अचूक कळावा आणि तो वाढवता यावा म्हणून त्याने मोजणीचं यंत्र बनवलं. पुढे त्याच यंत्राच्या वंशजांनी वेगाने जाणाऱ्यांना सळो की पळो करून सोडलं.

आता आपल्या कायद्याकडे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६-अ आलं आणि इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार मिळाला. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला गेला. या नियमासोबतच्या शहरांच्या यादीतल्या १३२ शहरांपैकी १९ महाराष्ट्रातली आहेत, म्हणजे हा नियम आपल्याला अगदी जवळून लागू आहे. दंड भरणाऱ्यांनी तो एकदा वाचायला हवा, कारण त्यात चालकावर नाही, यंत्रणेवर बंधनं आहेत. यंत्राला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचं मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवं. पुढे कॅमेरा आहे असं सांगणारी ठळक पाटी हवी. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांच्या आत सूचना पाठवायला हवी. सूचनेत नंबर आणि गुन्हा स्पष्ट दिसेल असा फोटो, यंत्राने केलेली मोजणी, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम हवं. प्रकरण निकाली निघेपर्यंत पुरावा जपून ठेवायला हवा. लपून फोटो काढायचा आणि वर्षभराने एकदम पावत्यांची माळ पाठवायची, ही पद्धत यात बसत नाही.

प्रकरण हलकं घ्यावं असंही नाही. लाल दिवा तोडणं कलम १८४ खाली, धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य सरकार ठरवतं, म्हणून एकाच चुकीला वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळे आकडे दिसतात.

लाल दिव्याचा चांगला पुरावा दोन फोटोंचा असतो. एकात दिवा लाल आहे आणि गाडी अजून पट्टीच्या अलीकडे आहे. दुसऱ्यात तीच गाडी पट्टीच्या पलीकडे चौकात आहे. पिवळ्यात पट्टी ओलांडून आत शिरलेल्या आणि पुढच्या कोंडीमुळे लाल होईपर्यंत चौकातच अडकलेल्या गाडीने सिग्नल तोडलेला नाही. एकच फोटो असेल तर सिग्नल तोडणारी गाडी आणि अशी अडकलेली गाडी यांत फरक करता येत नाही. आणि पट्टीच नसेल तर? पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेला रस्ता, त्यावर डांबराचं ठिगळ, झेब्रा क्रॉसिंगवर रिक्षा स्टँड, हे दृश्य कुठल्याही शहरात सापडेल. संगणकाच्या पडद्यावर आखलेली रेघ कॅमेऱ्याला दिसते, चालकाला दिसत नाही.

नंबर वाचण्यातही आपल्या खोडी आहेत. ४१४१ चं ‘दादा’ करून मिरवणाऱ्यांना कॅमेरा ओळखत नाही, म्हणून ते सुटतात. कोणी दुसऱ्याचाच नंबर लावून फिरतं, मग साताऱ्यात अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरला नागपूरचं चलन येतं. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसूनच येते. जुन्या गाड्यांसाठी महाराष्ट्राने मुदत ठरवली आणि पुन्हा पुन्हा वाढवली. असं परकं चलन आलं तर फोटोतल्या गाडीचा रंग, मॉडेल, आरसे आपल्या गाडीशी ताडून वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. मात्र विकलेल्या गाडीचं चलन आलं तर बहुधा दोष आपल्याकडेच असतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ आणि ३० सह्या करून एजंटाच्या बॅगेत वर्षानुवर्षं पडून असतील तर सरकारच्या लेखी मालक आपणच. व्हॉट्सॲपवर चलन म्हणून एपीके फाइल आली तर ती उघडू नका, ती खातं रिकामं करणाऱ्यांची असते.

राहिला पिवळा. आपल्या चौकातला पिवळा किती सेकंदांचा आहे, तो कुठला वेग धरून ठरवला, आणि तिथल्या कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र शेवटचं कधी नूतन झालं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात. अर्ज दोन करावेत, एक महापालिकेच्या सिग्नल पाहणाऱ्या खात्याकडे आणि एक पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे. एकच केला तर तुमचा प्रश्न दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित आहे, असं उत्तर यायची शक्यता दांडगी.