उसाची साखर जातीनुसार का बदलते? योग्य जात, योग्य महिना आणि वेळेत गाळप

बोर धरणाच्या कालव्याखाली शेजारीशेजारी दोन वावरं आहेत, असं समजा. दोन्हीकडे काळी जमीन, दोन्हीकडे जानेवारीतली सुरू लागवड आणि खतंही सारखीच. एका शेतकऱ्यानं को-सी ६७१ लावला, दुसऱ्यानं फुले २६५. डिसेंबरमध्ये दोन्हीकडच्या रसाचा ब्रिक्स पाहिला, तर को-सी ६७१ पुढे दिसेल. उभ्या उसाचं वजन पाहिलं, तर बहुधा फुले २६५ पुढे दिसेल. पाणी, खत, जमीन सारखी असताना साखरेत फरक पडतो, कारण उसाच्या पेशीत साखर जोडणारी आणि तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, प्रत्येक जातीत वेगळ्या जोमानं आणि वेगळ्या वेळी काम करतात.

हे समजून घेतलं, तर जात कोणती लावायची, तोड कधी घ्यायची आणि तोडलेला ऊस किती वेळ पडू द्यायचा, हे तिन्ही निर्णय सोपे होतात.

साखर जोडणारे आणि तोडणारे

पानात तयार झालेली साखर कांड्यात उतरते. तिथे दोन विकरांची रस्सीखेच चालते.

सुक्रोज फॉस्फेट सिन्थेज हे विकर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या साखरा जोडून सुक्रोज बनवण्याच्या कामातला मुख्य गडी आहे. सुक्रोज म्हणजे कारखान्यात दाणेदार निघते ती साखर.

दुसरं विकर आम्ल इन्व्हर्टेज. ते सुक्रोज फोडून पुन्हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. हे काम उसाच्या विरोधातलं नाही. कोवळ्या, वाढत्या कांड्याला लांबायला ऊर्जा लागते आणि ती याच साध्या साखरांतून मिळते. म्हणून शेंड्याकडच्या कांड्यांत इन्व्हर्टेज भरपूर असतं. कांडं जून होत जातं तसं ते कमी होतं आणि सुक्रोज साठायला लागतं. जोडणारं विकर तोडणाऱ्यापेक्षा जितकं वरचढ, तितकी साखर जास्त साठते. यालाच आपण ऊस पक्व झाला म्हणतो.

लवकर पक्व होणाऱ्या जातीत इन्व्हर्टेज लवकर खाली येतं. मध्यम-उशिरा पक्व होणाऱ्या जातीत वाढ जास्त दिवस चालू राहते, त्यामुळे वजन मिळतं, पण साखर उशिरा भरते.

हा फरक येतो कुठून?

पावसाळा सरताना नदी-नाल्याच्या काठावर पांढरे तुरे काढणारं कास गवत तुम्ही पाहता. ते उसाचं जंगली भावंड आहे. १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथे बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा या कासाशी संकर केला. त्यातून १९१८ मध्ये को २०५ ही जात आली. आजच्या बहुतेक जातींत गोड उसाची गुणसूत्रं सुमारे ८० टक्के आहेत आणि बाकीची कासाची किंवा दोघांच्या मिश्रणाची. गोडी एकाकडून आली. काटकपणा, फुटवे आणि खोडव्याची ताकद दुसऱ्याकडून आली.

ज्वारीच्या पेशीत २० गुणसूत्रं असतात, उसाच्या पेशीत १०० ते १३०. त्यामुळे इन्व्हर्टेज बनवणाऱ्या जनुकाच्याही एकाच पेशीत अनेक प्रती असतात. काही प्रती जोमदार विकर बनवतात, काही मंद, तर काही फक्त ठरावीक वयातच चालू होतात. प्रत्येक संकरात या प्रतींची नवी वाटणी होते. म्हणूनच गोडीचं एकच जनुक दाखवता येत नाही. हजारो रोपं लावून, वर्षानुवर्षं रस तपासूनच जात निवडावी लागते.

आपल्या ओळखीची को ८६०३२, म्हणजे नीरा, ही को ६२१९८ आणि को-सी ६७१ यांच्या संकरातून आली. को ९४०१२ तर को-सी ६७१ च्याच ऊती संवर्धनातून, पेशीत झालेल्या बदलामुळे निघाली.

तोडल्यावर काय होतं?

ऊस तोडला की पानाकडून येणारी साखर बंद होते, पण इन्व्हर्टेज थांबत नाही. ऊन, वाळणं आणि जखमेतून शिरणारे जिवाणू यामुळे त्याचा जोर वाढतो. सुक्रोज फुटून झालेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजचे दाणे बनत नाहीत, ते मोलॅसिसमध्ये जातात. शिवाय साध्या साखरा जितक्या जास्त, तितकं इतर सुक्रोजही दाण्यात येताना अडतं.

मार्चनंतर वर्ध्याचं तापमान चाळिशीकडे जातं, तेव्हा हे नुकसान झपाट्यानं होतं. यातही जातीचा फरक आहे. जाड साल आणि कांड्यावर मेणाचा चांगला थर असलेला ऊस हळू वाळतो. मऊ, रसाळ ऊस लवकर उतरतो.

इथे एक फसगत होते. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचं माप. तोडलेला ऊस वाळला की रस घट्ट होतो आणि ब्रिक्स वाढलेला दिसतो, पण आतलं सुक्रोज घटलेलं असतं. म्हणून ब्रिक्स उभ्या उसातच पाहा.

तुमच्या पैशाशी संबंध

२०२५-२६ हंगामासाठी केंद्रानं उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवली आहे. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की ३.४६ रुपये वाढतात, घटला की तेवढेच कमी होतात. ९.५ टक्के किंवा त्याखाली उतारा असला, तर दर ३२९.०५ रुपये राहतो. म्हणजे टनामागे जवळपास २६० रुपयांचा फरक पडतो.

हा उतारा एका शेतकऱ्याचा नसतो, कारखान्याचा सरासरी असतो. तुमचा ताजा, पक्व ऊस आणि दुसऱ्याचा चार दिवसांचा शिळा ऊस एकाच गव्हाणीत पडतो. त्यामुळे जात आणि तोडणीचं नियोजन गावानं मिळून करायला हवं. वजनाचं नुकसान मात्र थेट तुमचंच. वाळलेला ऊस काट्यावर कमी भरतो.

काय करावं?

- तोडीचा महिना आधी ठरवा, मग जात. हंगामाच्या सुरुवातीला तोड अपेक्षित असेल, तर को ९४०१२, फुले १०००१ किंवा को-सी ६७१ अशी लवकर पक्व होणारी जात घ्या. को-सी ६७१ लाल कूज रोगाला बळी पडते, तिथे निरोगी बेणं आणि निचऱ्याची जमीन हवीच. को ८६०३२ आणि फुले २६५ यांना किमान १२ महिने द्या. खारवट-चोपण जमिनीत फुले २६५ तग धरते.
- नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीलाच संपवा. उशिरा युरिया दिला की ऊस पुन्हा वाढीला लागतो, इन्व्हर्टेज चढं राहतं आणि साखर मागे पडते.
- तोडीआधी १० ते १५ दिवस पाणी थांबवा. वाढ मंदावते, साठवण वाढते.
- हँड रिफ्रॅक्टोमीटरनं पाहणी करा. वावरात वेगवेगळ्या ठिकाणचे ऊस घ्या. शेंड्याकडच्या कांड्याचा ब्रिक्स बुडख्याच्या ब्रिक्सनं भागा. उत्तर ०.९५ च्या आसपास आलं, की ऊस तोडीला आला. बरंच कमी असेल तर थांबा.
- ऊस जमिनीलगत तोडा, वाढे नीट काढा. बुडख्यात साखर सर्वांत जास्त असते. शेंड्याची हिरवी कांडी रसात साध्या साखरा घालतात.
- तोड ते गाळप २४ तासांत व्हावं. वाहन ठरल्याशिवाय कोयता लावू नका. ऊस थांबलाच तर सावलीत ठेवा, पाचटानं झाका आणि पाणी शिंपडा. फड पेटवू नका, जळका ऊस लवकर खराब होतो.
- गुऱ्हाळाला ताजाच ऊस द्या. शिळ्या उसाचा गूळ नीट जमत नाही, चिकट राहतो आणि पावसाळ्यात पाझरतो. हेही इन्व्हर्टेजचंच काम.

कृषी सहायक आणि ऊस विकास कर्मचाऱ्यांसाठी

नोंदणी करताना लागवडीच्या तारखेसोबत जातही लिहा. दोन्ही पाहून तोडीचा क्रम लावा. एकाच तारखेला लावलेल्या दोन जाती एकाच आठवड्यात पक्व होत नाहीत. फक्त तारखेवर क्रम लावला, तर उशिरा पक्व होणारी जात कोवळी तुटते आणि लवकर पक्व झालेली उन्हात उभी राहते. दोन्हीकडे साखर जाते आणि त्याची किंमत सगळ्या गावाच्या दरातून वजा होते. हंगाम सुरू होण्याआधी गावनिहाय अशी यादी कारखान्याच्या शेतकी विभागाकडे दिली, तर टोळ्या त्याप्रमाणे पाठवता येतात.