सरकार किती 'रेडी' आहे, हे मोजतात कसं? ओरोसवरून बघूया

ऐकायला वेळ नसेल, एसटीत असाल, किंवा घाटात रेंज गेली असेल, तर हा घ्या आजचा भाग लिहून. बोलल्यासारखाच ठेवलाय, फक्त मधले 'म्हणजे म्हणजे' कमी केलेत.

2025 मध्ये आपल्या जिल्ह्याची एक बातमी सगळ्यांच्या स्टेटसवर होती. सिंधुदुर्गच्या प्रशासनात एआय वापरायचं ठरलं, त्यासाठी 'मार्व्हल' ही राज्य सरकारची कंपनी सोबत आली (ही मुळात पोलिसांच्या कामासाठी काढलेली), आणि पालकमंत्री नितेश राणे यांनी 'देशातला पहिला एआय जिल्हा' असं सांगितलं. अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण पहिला म्हणजे नेमका कशात? तंत्रज्ञानासाठी एखादं सरकार तयार आहे की नाही, हे ठरवतात कसं? यावर जगभर वीस-पंचवीस वर्षं डोकं चाललंय, आणि ते समजून घेतलं की आपल्या ओरोसच्या कार्यालयांकडे बघायची नजर जरा बदलते.

सगळ्यात प्रसिद्ध मार्कशीट संयुक्त राष्ट्रांची. 2001 मध्ये पहिली पाहणी झाली. 2003 पासून निर्देशांक आला आणि त्याच्या नावातच 'ई-रेडिनेस' होतं. रेडिनेस म्हणजे तयारी. 2010 मध्ये तो शब्द काढून 'डेव्हलपमेंट' घातला, कारण तयारी तर बरेच देश करत होते, प्रश्न होता पुढे काय केलंत याचा. आता दर दोन वर्षांनी 193 देशांना गुण मिळतात.

पेपर तीनच. एक, सरकारच्या किती सेवा ऑनलाइन आहेत. दोन, इंटरनेट, मोबाइल, ब्रॉडबँडचं जाळं कसं आहे. तीन, माणसं शिकलेली किती. तिघांची सरासरी काढायची, झाला निकाल.

2022 मध्ये भारताचा नंबर होता 105, गुण एकपैकी 0.5883. आता विषयवार बघा: ऑनलाइन सेवांत 0.7934, शिक्षणात 0.5761, आणि जाळ्यात 0.3954. म्हणजे वेबसाइट बनवण्यात आपण जवळपास डिस्टिंक्शनला, आणि ती वेबसाइट उघडायला लागणाऱ्या नेटवर्कमध्ये काठावर. 2024 मध्ये गुण 0.6678 झाले आणि आपण 97 व्या क्रमांकावर आलो. सुधारणा खरीच आहे. पण मला नंबरापेक्षा ती 2022 ची दरी जास्त बोलकी वाटते. दुकान सजलंय, रस्ता कच्चा आहे.

आता हे मोजमाप आपल्या जिल्ह्यावर ठेवून बघू. वेंगुर्ल्यापासून वैभववाडीपर्यंत आठ तालुके, 2011 च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आसपास माणसं.

आधी जाळं. संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबात दर शंभर माणसांमागे मोबाइल जोडण्या किती, हा एक आकडा असतो. आपल्याकडे कितीतरी जणांकडे दोन सिम असतात. हौस म्हणून नाही हो! घरी एका कंपनीची रेंज, बाजारात दुसरीची. मोजणारा म्हणतो दोन जोडण्या, वा, छान. खरं तर ती दोन सिम म्हणजे एकही धड चालत नसल्याचा पुरावा. जी गोष्ट अडचण आहे, ती आकड्यात प्रगती म्हणून चढते. आणखी एक. मे 2021 मधलं तौक्ते आठवा. झाडं पडली, वीज गेली, आणि विजेपाठोपाठ टॉवरही गेले. त्या काळात ज्याला नुकसानीचा फोटो पाठवायचा होता त्याला वर्षभराची सरासरी काय कामाची? किनाऱ्यावरच्या जिल्ह्याची तयारी मोजायची तर सगळ्यात वाईट दिवशी मोजली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग शिक्षण. इथे आपण उजवे: 2011 मध्ये साक्षरता 85 टक्क्यांच्या वर, तेव्हा देशाची 73 टक्क्यांच्या आसपास. पण त्याच जनगणनेत आपल्याकडे हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया होत्या. ही आकडेवारी कोकणात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पुरुष मुंबईला, घरी बाई आणि म्हातारी माणसं. त्यामुळे गावातला अर्ज भरतो कोण? डोंबिवलीतला मुलगा. आजोबांना वारसनोंदीबद्दल काही विचारायचं असलं की फोन जातो तिकडे, आणि ओटीपी इकडे आजोबांच्या बटणवाल्या फोनवर येतो. मग आजोबा चष्मा शोधेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. गावाची 'डिजिटल साक्षरता' अशी मुंबईच्या लोकलमधून चालते, ती जिल्ह्याच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

आता सेवा, आणि इथे जरा थांबूया, कारण गोम इथेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत अभ्यासक देशाची पोर्टलं उघडून प्रश्नावली भरतात: अमुक माहिती आहे का, अमुक अर्ज करता येतो का, पैसे भरता येतात का. आपल्या केंद्र सरकारचीही राज्यांसाठी 'नेस्डा' नावाची अशीच पाहणी आहे, 2019 पासून. उपयोगी आहे. पण अर्ज करता येतो एवढं कळतं, अर्ज पुढे सरकतो का, हे पोर्टल बघून कळत नाही.

लेन आणि ली या दोन अभ्यासकांनी 2001 मध्ये ई-सरकारच्या चार पायऱ्या सांगितल्या. सातबारा घ्या, लगेच समजेल. पहिली पायरी, माहिती दिसते: महाभूलेखवर सातबारा बघता येतो. दुसरी, व्यवहार होतो: 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, 15 रुपयांत, तलाठ्याकडे न जाता. तिसरी, एकाच खात्याची खालची-वरची कार्यालयं जोडली जातात. चौथी, वेगवेगळी खाती एकमेकांशी बोलतात, म्हणजे एका खात्याकडे असलेला कागद दुसरं खातं तुमच्याकडे पुन्हा मागत नाही.

दुसऱ्या पायरीवर आपण खरंच मजबूत आहोत. चाकरमान्यांसाठी तर 15 रुपयांचा सातबारा ही क्रांतीच, नाहीतर एका उताऱ्यासाठी रजा काढून गावी यायचं. पण कोकणातला सातबारा म्हणजे काय असतं? काही गुंठे जमीन आणि वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी वारलेली. कागद दोन मिनिटांत डाउनलोड होतो, त्यावरचं पणजोबांचं नाव मात्र तसंच. चौकशी, हिस्सेदारांना नोटिसा, हरकती, हे काम माणसांचंच आहे. तयारीचे गुण कागदाला मिळतात, वाद कागदाखाली असतो.

मँचेस्टरचे रिचर्ड हीक्स यांनी 2003 मध्ये विकसनशील देशांतल्या ई-सरकार प्रकल्पांचा अंदाज मांडला होता: 35 टक्के पूर्ण फसलेले, 50 टक्के अर्धवट, 15 टक्के यशस्वी. कारण त्यांच्या मते तंत्रज्ञान वाईट हे नव्हतं. प्रकल्प आखणाऱ्याच्या डोक्यातलं कार्यालय आणि प्रत्यक्षातलं कार्यालय यांत जेवढं अंतर जास्त, तेवढा प्रकल्प फसायची शक्यता जास्त. जुना अंदाज आहे, पण कुठलाही सेतू केंद्रवाला त्यावर मान डोलावेल.

बरं, मोजमाप आपल्याकडेही सुरू झालंय. राज्य सरकारने 2025 मध्ये कार्यालयांसाठी 100 दिवसांचा सुधारणा कार्यक्रम घेतला. वेबसाइट, तक्रार निवारण, स्वच्छता असे मुद्दे होते, तपासणी क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने केली आणि निकाल 1 मे 2025 ला लागला. मग 150 दिवसांचा ई-गव्हर्नन्स कार्यक्रम आला. सरकार स्वतःच्या कार्यालयांना उघडपणे गुण देतंय, हे मला चांगलं वाटतं. फक्त त्यात एक रकाना वाढवावा: खेपा.

म्हणजे असं की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोडामार्गच्या एका मुलीला कितीदा घराबाहेर पडावं लागलं. केंद्रावर अर्ज भरायला एक खेप. 'सर्व्हर डाऊन' म्हणून दुसरी. 'हा कागद स्पष्ट दिसत नाही' म्हणून तिसरी. दाखला आणायला चौथी. सरकारच्या नोंदीत हा अर्ज शंभर टक्के ऑनलाइन. तिच्या नोंदीत चार दिवसांचं एसटी भाडं आणि ॲडमिशनची तारीख डोक्यावर. 'एआय जिल्हा' यशस्वी झाला का, हे मी तरी याच रकान्यावरून ठरवेन: आधी चार खेपा होत्या, आता किती? आणि अर्ज नाकारला, तर कारण मराठीत, समजेल असं लिहून मिळतं का?

तोपर्यंत एक हत्यार आपल्या हातात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015. यात अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेसमोर किती दिवसांत द्यायची ते ठरवून दिलंय. 'आपले सरकार' पोर्टलवर यादी आहे, अर्ज करण्याआधी तो दिवसांचा आकडा बघून घ्या. केंद्रावर अर्ज भरलात तर मोबाइल नंबर स्वतःचाच घालायला सांगा. बऱ्याचदा केंद्रवाल्याचा पडतो आणि मग सगळे मेसेज त्याला. पोचपावतीचा फोटो काढून ठेवा, अपिलात तोच पुरावा. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला, तर 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट लोकसेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे.

तुमच्या शेवटच्या दाखल्याला किती खेपा झाल्या, तालुका आणि महिना घालून कळवा. आठही तालुक्यांतून आले तर पुढच्या भागात वाचून दाखवू.