फ्लॅट म्हणजे भागीदारी : कागद वाचूनच सही करा

खामगावच्या जुन्या बाजारपेठेत खाली दुकान आणि वर घर ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला आणि कापसाचा व्यापार वाढला, तशी ही वस्तीही वाढली. खाली गादी, मागे माल, वर कुटुंब. भिंत आपली, जिना आपला, गच्ची आपली. छप्पर गळाले तर दुरुस्ती आपणच करायची, कोणाला विचारायचे नाही आणि कोणाकडे पैसे मागायचे नाहीत.

आता दिवस बदलले आहेत. भावाभावांत वाटण्या झाल्या, खोल्या कमी पडू लागल्या आणि आपले व्यापारी व कारागीर बांधव इमारतीत फ्लॅट घेऊ लागले. कोणी गावात घेतो, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी अकोला, नागपूर, पुण्यात घेतो. आयुष्यभराची बचत त्यात जाते. पण साध्या हातउसन्याची चिठ्ठी दोनदा वाचणारा आपला माणूस फ्लॅटचा दस्त मात्र न वाचता सही करून मोकळा होतो. म्हणून या विषयाची थोडी उकल करणे जरूर वाटते.

लॉफ्ट : तिकडचे आणि इकडचे

मोठ्या शहरांतील जाहिरातींत हल्ली 'लॉफ्ट अपार्टमेंट' असे शब्द दिसतात. त्याचा उगम आपल्याच धंद्याशी जोडलेला आहे. न्यूयॉर्क शहरात सोहो नावाचा भाग आहे. तेथे कापड, तयार कपडे आणि इतर मालाचे कारखाने व गोदामे होती. धंदा बाहेर गेला, उंच छताची मोठी दालने रिकामी पडली आणि १९६० नंतर चित्रकार, शिल्पकार कमी भाड्यात तेथे राहू लागले. कायद्याने त्या जागा राहण्यासाठी नव्हत्याच. १९७१ मध्ये त्या भागात कलावंतांना राहण्याची परवानगी मिळाली आणि १९८२ मध्ये लॉफ्टचा खास कायदा झाला. त्या कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिले, पण मालकांवर बंधनही घातले की आगीपासून बचाव आणि राहण्याच्या सोयी आधी पूर्ण करा, मग ती जागा घर म्हणून नोंदली जाईल. हा मुद्दा लक्षात ठेवावा.

मुंबईत असे फारसे झाले नाही. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. बहुतेक ठिकाणी जुन्या इमारती पाडून मनोरे उभे राहिले. काही आवारांत जुनी दालने ठेवून कचेऱ्या आणि हॉटेले आली. त्यांपैकी कमला मिलच्या आवारात २०१७ च्या डिसेंबरअखेर मध्यरात्री आग लागून १४ माणसे दगावली. जागेचा उपयोग बदलला, पण सुरक्षितता त्याबरोबर बदलली नाही, तर काय होते ते त्या रात्री दिसले.

आपल्या कारागिरांचा लॉफ्ट निराळा. मुंबईत मदनपुरा, धारावीकडील जरीकाम, शिलाई आणि बॅगांचे कारखाने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो ठाऊक आहे. खाली अड्डा किंवा मशीन, वर लाकडी अथवा लोखंडी माळा, चढायला शिडी. दिवसा तेथे माल आणि रात्री तेथेच माणसे. दिल्लीच्या अनाज मंडी भागात ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे अशाच एका कारखान्याच्या इमारतीत आग लागली. आत झोपलेले ४३ कामगार मेले. दुसऱ्या राज्यांतून पोट भरायला आलेली ही गरीब माणसे होती. ज्याच्याकडे चार कारागीर झोपतात त्या मालकाने एवढे तरी पाहावे : बाहेर पडायला दुसरी वाट आहे काय? खिडकीची जाळी आतून उघडते काय? जिन्यात माल रचला आहे काय?

नियम काय सांगतो

महाराष्ट्रात २०२० पासून बांधकामाची एकत्रित नियमावली आहे आणि ती नगरपालिकांच्या गावांनाही लागू आहे. तिच्यात लॉफ्ट म्हणजे दोन मजल्यांमधील सामान ठेवण्याची जागा. उंची जास्तीत जास्त दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, आणि तेथे जाण्यास कायमचा जिना नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत माळा हा सामानासाठी आहे, माणसासाठी नाही. तेव्हा विकणारा कोणी 'वर लॉफ्ट आहे, एक खोली जास्तच समजा' असे म्हणाला, तर त्या खोलीचा पैसा देऊ नये. मंजूर नकाशा मागावा. नकाशात जे दाखवले आहे तेच आपण विकत घेत आहोत.

वजनाचा हिशेबही समजून घ्यावा. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. गोदामासाठी कमीत कमी ७५० किलो धरतात, आणि माल जसा उंच रचावा तसा तो वाढतो. आपल्या भागात रुईच्या गाठीचे वजन सर्वांना तोंडपाठ आहे : १७० किलो. अशी एक गाठ चौरस मीटरभर जागेत ठेवली की घराच्या स्लॅबची मर्यादा जवळपास भरली. कापडाच्या गाठी, साड्यांचे बंडल आणि कागदाचे रीम यांचे वजन डोळ्याला दिसत नाही, पण स्लॅबला ते सोसावे लागते. सणाआधी फ्लॅटच्या एका खोलीत छतापर्यंत माल भरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा इंजिनिअरला विचारावे, कारण खालच्या मजल्यावरही कोणाचे तरी लेकरू झोपलेले असते.

विजेचेही तसेच. घरगुती मीटरवर कारखाना चालवला तर विजेच्या २००३ च्या कायद्यातील कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

सोसायटी की अपार्टमेंट?

परदेशात ज्याला कॉन्डोमिनियम म्हणतात, त्याचा आपल्याकडील कायदा म्हणजे १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा. इमारतीच्या नावापुढे 'अपार्टमेंट' लिहिले म्हणून ती या कायद्याखाली आली असे नाही. दुसरी पद्धत सहकारी गृहनिर्माण संस्थेची, म्हणजे सोसायटीची. दोन्हींत फरक मोठा आहे.

सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते. आपण सभासद होतो, आपल्याला शेअर सर्टिफिकेट मिळते आणि मत प्रत्येकाला एक. बिल्डरने जमीन संस्थेच्या नावावर करून दिली नाही तर ती करून घेण्यासाठी २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

अपार्टमेंटच्या पद्धतीत आधी 'डिक्लेरेशन' नावाचा दस्त नोंदला जातो. इमारत कोणती, फ्लॅट किती, सामाईक जागा कोणत्या आणि कोणाचा हिस्सा किती टक्के, हे सर्व त्यात असते. उपविधी म्हणजे कारभाराचे नियमही त्यालाच जोडलेले असतात. मग प्रत्येकाला 'डीड ऑफ अपार्टमेंट' करून मिळते. त्याने फ्लॅट आपल्या मालकीचा होतो आणि जमीन, जिना, गच्ची, टाकी यांत आपला अविभाजित हिस्सा येतो. हा हिस्सा फ्लॅटच्या किमतीच्या प्रमाणात ठरतो, आणि मतदान व खर्च त्याच प्रमाणात चालतो. ज्याचा फ्लॅट मोठा त्याचे वजन जास्त.

व्यापारी माणसाला हे समजायला अवघड नाही. दुकानाच्या भागीदारीत आपण आधी विचारतो : माझे आणे किती, नफातोटा कसा, हिशेब कोण ठेवणार? डिक्लेरेशन म्हणजे इमारतीचा भागीदारीचा दस्त समजावा. फरक एवढाच की दुकानाची भागीदारी पटली नाही तर मोडता येते, पण येथे सामाईक जागेची वाटणी मागता येत नाही. फ्लॅट विकणे हाच बाहेर पडण्याचा मार्ग.

या कायद्यातील तीन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली, 'मी तळमजल्यावर राहतो, लिफ्ट वापरत नाही, पैसे देणार नाही' हे म्हणणे चालत नाही. सामाईक वस्तू वापरली नाही म्हणून खर्चातून सुटका नाही. दुसरी, थकलेल्या खर्चाचा बोजा फ्लॅटवर राहतो आणि घेणाराही त्याला जबाबदार ठरतो. म्हणून जुना फ्लॅट घेताना 'बाकी काही नाही' असे लेखी घ्यावे. तिसरी, इमारतीच्या मजबुतीला धोका येईल असे काम किंवा नवे मोठे बांधकाम करायचे तर बाकीच्या सर्व मालकांची एकमुखी संमती आधी लागते. दुकानासाठी भिंत पाडणे, पक्का माळा टाकणे हे 'माझ्या घरात मी काहीही करीन' या सदरात येत नाही.

नवी इमारत घेताना

२०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकाच्या हातात बरेच दिले आहे. कार्पेट क्षेत्र म्हणजे काय ते कायद्यानेच ठरवले : आतील वापरता येणारी जमीन आणि आतल्या भिंती मोजायच्या, बाहेरच्या भिंती व खाजगी बाल्कनी मोजायची नाही. नोंदलेला करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा.

पण लहान गावच्या ग्राहकाने एक अट जाणून घ्यावी. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर त्या प्रकल्पाला रेराची नोंदणी सक्तीची नाही. आपल्याकडील लहान इमारती बहुधा याच मापाच्या असतात. तेथे आपला सातबारा किंवा मिळकत पत्रिका, एन.ए.चा आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे आपणच तपासायचे. वकिलाची फी वाचवायची ही जागा नव्हे.

धंद्याची जागा आणि घर जवळ ठेवूनही नीट व्यवस्था होऊ शकते. मुंबईच्या भेंडी बाजारात बोहरा समाजाच्या सैफी बुरहानी ट्रस्टने २००९ पासून हाती घेतलेल्या कामात साडेसोळा एकरांतील सुमारे २५० जुन्या इमारतींच्या जागी नव्या इमारती, ३,२०० कुटुंबांना घरे आणि १,२५० दुकानांना जागा अशी योजना आहे. त्याच परिसरातील शंभर वर्षांहून जुनी हुसेनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून ३३ जण गेले. जुन्या इमारतीची दुरुस्ती वा पुनर्बांधणी लांबवण्याची किंमत कधी पैशात मोजता येत नाही.

वारसांचा प्रश्न

सोसायटीच्या फॉर्मवर आपण एका मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लिहितो. पुष्कळांचा समज असा की फ्लॅट त्याचा झाला. तसे नाही. नॉमिनी वारस ठरेपर्यंत संस्थेशी व्यवहार करणारा अमानतदार असतो. मालमत्ता वारसांची, आणि आपल्याकडे वारसांचे हिस्से शरीअतने ठरलेले आहेत. मुलींचा हिस्सा नॉमिनीच्या चिठ्ठीने बुडत नाही. हयातीतच घरात हे बोलून ठेवले तर पुढे भावंडांत कोर्टकचेरी होत नाही.

शेवटी थोडक्यात. घेण्यापूर्वी मंजूर नकाशा, डिक्लेरेशन किंवा सोसायटीची नोंदणी, आपला टक्का, थकबाकीचा दाखला आणि मागील वर्षाचा खर्चाचा हिशेब पाहावा. घेतल्यावर दरमहा वर्गणी वेळेवर भरावी, सभेला जावे, हिशेब विचारावा आणि विचारला तर द्यावा. ज्याची बाजारात पत आहे त्याची जिन्यातही पत असावी. शेजारी हा सोबती असतो, आणि इमारतीत तर तो भागीदारही असतो.