बिनतारी बारकोड-वाचक : रेडिओ-व्यत्यय आणि लेसरची सुरक्षितता

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. तथापि वनसंपत्तीच्या दृष्टीने या दोन जिल्ह्यांचा संबंध तुटलेला नाही. आलापल्लीचा साग बल्लारशाहच्या आगारात येतो व तेथून दूरदूर जातो. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये याच भागातील साग पाठविण्यात आला. ओंडक्याची ओळख परंपरेने हातोड्याचा शिक्का, अनुक्रमांक व मोजमाप यांवर अवलंबून असते. अशा आगारात बारकोडाची चिठ्ठी व हाती धरावयाचा बिनतारी वाचक आणावयाचे झाल्यास दोन प्रश्नांचा विचार अगोदर केला पाहिजे : नोंद बिनचूक पोहोचेल काय, आणि कामगाराचा डोळा सुरक्षित राहील काय?

प्रथम व्यत्ययाचा विचार करू. असे बहुतेक वाचक २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात. २००५ च्या अधिसूचनेनुसार विशिष्ट शक्तिमर्यादेपर्यंत हा पट्टा भारतात परवान्यावाचून वापरता येतो. आणि म्हणूनच तेथे गर्दी आहे. वाय-फायची एक वाहिनी सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. ब्लूटूथची मूळ पद्धती १ मेगाहर्ट्झच्या ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १६०० उड्या घेते. व्यापलेल्या वाहिन्या टाळण्याची युक्तीही तीत पुढे आली. त्यामुळे व्यत्ययाने संभाषण सहसा तुटत नाही, केवळ मंदावते.

आगारात याहून मोठा अडथळा खुद्द लाकडाचा असतो. या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असल्यामुळे ओंडक्यांच्या थप्पीला वळसा घालून जाणे त्यांना कठीण पडते. शिवाय ओल्या लाकडातील पाणी त्यांची ऊर्जा शोषून घेते. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की ग्रहण केलेली शक्ती चतुर्थांश होते. ताडोबातील वाघांच्या गळपट्ट्यांची बाब निराळी आहे. त्यांतील व्हीएचएफ प्रेषक पुष्कळच खालच्या कंप्रतेवर चालतात. म्हणून वाचकाच्या मूळ लहरीशी त्यांची सरळ गाठ पडत नाही.

खरा धोका पोचपावती हरवण्यात आहे. नोंद केंद्रयंत्रात पोहोचली, परंतु पावती परत आली नाही, तर वाचक तीच नोंद पुन्हा पाठवितो आणि एक ओंडका दोनदा मोजला जाण्याचा संभव असतो. यास्तव प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक देऊन पुनरावृत्ती ओळखणे, आणि संपर्क तुटल्यास नोंदी वाचकाच्याच स्मृतीत राखणे, हे दोन्ही अवश्य होय.

आता लेसरकडे वळू. बारकोड-वाचकांतील तांबड्या लेसरची तरंगलांबी साधारणतः ६५० नॅनोमीटर असते व पुष्कळ वाचक दुसऱ्या वर्गात मोडतात. या वर्गात अखंड दृश्य किरणाची शक्ती १ मिलिवॅटहून अधिक नसते. ही शक्ती क्षुद्र भासते. परंतु ७ मिलिमीटर रुंदीच्या बाहुलीतून शिरलेला किरण दृष्टिपटलावर ०.०२ मिलिमीटरच्या ठिपक्यात एकवटला, तर त्याची तीव्रता सव्वा लाख पटींच्या घरात वाढते. येथे डोळ्याची नैसर्गिक प्रतिक्रिया रक्षण करते. सुमारे ०.२५ सेकंदात आपण डोळा मिटतो वा मान फिरवितो. तोवर आत गेलेली ऊर्जा ०.२५ मिलिज्यूलच्या पलीकडे जात नाही.

हे संरक्षण अनवधानाने पडलेल्या किरणापुरतेच आहे. भर उन्हात तांबडी रेषा फिकी पडते, आणि यंत्र चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या तोंडातच डोकावण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा; किरणाकडे भिंगातूनही पाहू नये. हलता आरसा थांबल्यास रेषेचा स्थिर ठिपका होतो. असे यंत्र त्वरित बाजूला ठेवावे. घरीच उघडून दुरुस्त करू नये.

आता चित्रग्राहक पद्धतीचे वाचकही प्रचारात आले आहेत. त्यांत प्रकाशासाठी बहुधा साधे दीप असतात. तरी नेम दाखविणारा ठिपका काहींत लेसरचाच असतो. म्हणून नाव वा बाह्य रूप यांवरून अनुमान न करता वेष्टनावरील वर्गाची सूचना वाचणे, हाच निर्णयाचा योग्य आधार होय.