बर्बन स्वस्त झाली. आता कोणती घ्यावी?

बर्बन या अमेरिकी व्हिस्कीवरचा आयातकर १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आला, ही फेब्रुवारी २०२५ मधली बातमी एव्हाना सगळ्यांनी वाचली आहे. पाठोपाठ छत्तीसगड सरकारने १ एप्रिल २०२५ पासून विदेशी मद्यावरचा साडेनऊ टक्के अतिरिक्त अबकारी करही काढून टाकला. तेव्हापासून रायपुरात चार मराठी माणसं जेवायला जमली की एकच विचारणा होते: बाटली कितीने उतरेल? हिशेब सरळ आहे. बंदरात १०० रुपयांना पडणारा माल पूर्वी कर धरून २५० ला जायचा, आता २०० ला जातो. त्यावर राज्याचे कर, वाहतूक आणि विक्रेत्यांचा नफा चढतो. त्यामुळे दुकानात येईपर्यंत टक्क्यांतला फरक आणखी आक्रसणार.

मला किमतीपेक्षा निवडीची काळजी जास्त वाटते. शनिवारी रात्री एखादा पेग घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने महागड्या बाटलीमागे लागू नये. साधी, पण खरी बर्बन त्याला पुरते, कारण तिची हमी कंपनीच्या जाहिरातीपेक्षा अमेरिकेचा कायदा देतो.

धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. अर्क आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवायचा आणि पिंपात भरताना त्याची तीव्रता ६२.५ टक्क्यांच्या वर नको. बाटलीत ती ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. रंग नाही, वरून घातलेली चव नाही. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत मळीचं किंवा धान्याचं साधं स्पिरिट आणि कॅरॅमलचा रंग असतो, हे आठवलं की या अटींचं मोल कळतं. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बन ही अमेरिकेचीच, असं जाहीर केलं. लेबलवर ‘स्ट्रेट’ असेल तर किमान दोन वर्षं मुरलेली. आणि ‘स्ट्रेट’ असून वय छापलेलं नसेल, तर किमान चार वर्षं, कारण त्याहून कोवळीचं वय छापणं सक्तीचं आहे. बाटली हातात आली की एवढं तरी वाचावं.

आता माझी आवड. जिम बीम सोडा घालून उन्हाळ्यात बरी. नुसती घेतली तर घशाला खरखरते. वुडफर्ड रिझर्व्ह देखणी आहे, चवीला नेटकी आहे, पण तिच्या किमतीएवढी मला ती कधीच वाटली नाही. माझा पहिला क्रमांक मेकर्स मार्कचा. बहुतेक बर्बनमध्ये मक्याच्या जोडीला राय हे तिखटसर धान्य असतं. मेकर्स मार्कमध्ये त्याजागी १६ टक्के गहू आहे. पेल्यात ओतून पाच मिनिटं तशीच ठेवा. आधी व्हॅनिला येतो, मग भाजलेल्या गव्हाच्या पिठाचा वास, आणि थेंबभर पाणी घातलं की कडेला गुळाच्या पाकासारखं काहीतरी. आपल्या जिभेला ही ओळखीची गोडी आहे, मसालेदार जेवणाआधी ती छान बसते.

दुसरा क्रमांक वाइल्ड टर्की १०१ चा. तीव्रता ५०.५ टक्के, म्हणून पाणी हवंच. या दारूमागचा माणूस मला फार मोठा वाटतो. जिमी रसेल १९५४ मध्ये केंटकीतल्या या भट्टीत कामाला लागले. सत्तरच्या दशकात अमेरिका वोडकाकडे वळली, बर्बनचा खप घसरला, सगळीकडे चव हलकी करायची घाई सुटली. रसेल यांनी पिंपं तशीच खोल जाळलेली ठेवली. आतला कोळसा मगरीच्या पाठीसारखा भेगाळतो, इतकी खोल. पुढे त्यांचा मुलगा एडी त्याच कामात आला. माणूस आपल्या चवीवर असा ठाम राहिला, म्हणून ती आज आपल्याला मिळते.

कोऱ्या पिंपाच्या अटीमुळे एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी बाद होतं. ही पिंपं स्कॉटलंडला जातात आणि गोव्यातही येतात. तिथली पॉल जॉन ही सिंगल माल्ट व्हिस्की मुख्यतः त्यांत मुरते. म्हणजे बर्बन न घेताही तिची थोडी चव आपण चाखलेली असते.

पण खुद्द बर्बन घ्यायची तर अडचण आहे. छत्तीसगडमध्ये २०१७ पासून दारूची दुकानं सरकारी महामंडळच चालवतं. तिथे जे ठेवलं जाईल तेच आपण पिणार. नाहीतर परदेशाहून येणाऱ्या भाच्याला दोन लिटरच्या करमुक्त सवलतीत बाटली आणायला सांगणं, हा बहुतेकांचा मार्ग. म्हणूनच महामंडळाने प्रीमियम दुकानांत निदान गव्हाची एक आणि रायची एक अशी बर्बन कायम ठेवावी.

आणि याच सरकारकडे दुसरी मागणी. मोहाची दारू बस्तरची खरी ओळख. आदिवासींना घरापुरती ती गाळायची मुभा आहे, पण दुकानात मानाने विकायची वाट नाही. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून परवानगी दिली. फूल किती, भट्टी कशी, तीव्रता किती, गाळणारे कोण, हे बर्बनसारखंच छत्तीसगडनेही कायद्यात लिहावं आणि तिचं लेबल गाळणाऱ्या गावांच्या नावाने काढावं.