गोठणारे पाणी आणि रेणूंची मोजदाद

दह्याची आंबट चव, व्हिनेगरचा नाकाला झोंबणारा दर्प आणि पिकल्या द्राक्षाची गोडी या तिन्ही गोष्टी एकाच मातीच्या आहेत, असे कोणी सांगितले तर आमच्या गृहिणी वाचकांना ती थट्टाच वाटेल. परंतु दह्यातील लॅक्टिक अम्ल, व्हिनेगरमधील अ‍ॅसिटिक अम्ल आणि द्राक्षातील ग्लुकोज ही तिन्ही शुद्ध स्वरूपात घेऊन त्यांचे पृथक्करण केले, तर प्रत्येक वेळी तेच आकडे हाती येतात : शंभर भागांत कार्बन ४०, हायड्रोजन ६.७ आणि ऑक्सिजन ५३.३. भेद आहे तो रेणूच्या आकाराचा. एक कार्बन, दोन हायड्रोजन व एक ऑक्सिजन असा ३० वजनाचा गट धरला, तर अ‍ॅसिटिक अम्लाच्या रेणूत असे दोन गट भरतात, लॅक्टिक अम्लाच्या रेणूत तीन आणि ग्लुकोजच्या रेणूत सहा. रेणुभार अनुक्रमे ६०, ९० आणि १८०.

पण पांढऱ्या भुकटीची कुपी पुढे असताना त्यात गट दोन की सहा, हे ओळखायचे कसे? एकोणिसाव्या शतकातील रसायनज्ञांपाशी एक जुना मार्ग होता. पदार्थाची वाफ करावयाची आणि तिची घनता मोजावयाची. साखरेच्या बाबतीत हा मार्ग बंद, हे पाक करपवलेली कोणतीही सुगृहिणी सांगेल! तापवली की साखर वाफ होत नाही, जळते.

या कोंडीतून वाट काढली ती फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथील प्राध्यापक फ्रान्स्वा मारी राऊल यांनी. पाण्यात मीठ घातले की ते शून्य अंशाखाली गोठते, आणि मीठ जितके अधिक तितका गोठणबिंदू अधिक खाली जातो, हे इंग्लंडच्या ब्लॅग्डेनने १७८८ मध्येच दाखविले होते. राऊल यांनी मिठांपुरतेच न थांबता सेंद्रिय पदार्थ हाती घेतले, आणि १८८२ च्या सुमारास त्यांना एक विलक्षण सुसंगती आढळली. पदार्थ कोणताही असो, ठरावीक पाण्यात रेणूंची संख्या सारखी असली की गोठणबिंदू सारखाच उतरतो. रेणू लहान की थोर, गोड की आंबट, याची पाण्याला पर्वा नसते.

असे का व्हावे? शून्य अंशाला बर्फ आणि पाणी यांच्या सीमेवर सतत ये-जा चालू असते. जितके रेणू बर्फाला चिकटतात तितकेच सुटून पाण्यात येतात. पाण्यात परके रेणू शिरले की बर्फाला जाऊन चिकटणाऱ्या पाण्याच्या रेणूंचे प्रमाण कमी होते. सुटणारे मात्र तितकेच सुटत राहतात, कारण बर्फात परक्यांना प्रवेश नसतो. तोल पुन्हा साधण्यासाठी तापमान आणखी खाली जावे लागते. आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर मीठ टाकताच तो भराभर वितळू लागतो, वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि मधल्या डब्यातील दूध गोठवितो, त्याचे मूळ येथेच आहे.

हिशेब अगदी सोपा आहे. एक किलोग्रॅम पाण्यात एक ग्रॅम-रेणू पदार्थ विरघळला की गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. समजा, ५० ग्रॅम पाण्यात १.८ ग्रॅम अज्ञात भुकटी विरघळविली, म्हणजे किलोला ३६ ग्रॅम, आणि घट आढळली ०.३७ अंश. ०.३७ ला १.८६ ने भागले की ०.२ ग्रॅम-रेणू, ३६ ला ०.२ ने भागले की १८०. कुपीत ग्लुकोज असावे! तेवढ्याच वजनाचे लॅक्टिक अम्ल असते तर घट ०.७४ च्या आसपास आली असती, अ‍ॅसिटिक अम्लाची १.१२ च्या. वजन तराजूने केले. थंडीने केली ती मोजणी. आमच्या मते पाठ्यपुस्तके सूत्र आधी देतात आणि हे मर्म मागे ठेवतात.

मात्र अंशाचा शतांश चुकला तरी उत्तर बिघडते. म्हणून १८८८ मध्ये जर्मनीतील अर्न्स्ट बेकमान यांनी एक नामी तापमापक बनविला. त्याची पट्टी अवघी पाच-सहा अंशांची, पण प्रत्येक अंशाचे शंभर भाग केलेले. भिंगातून त्याहूनही बारीक वाचन करता येते. वरच्या टोकाशी पाऱ्याची वाकडी कोठी असते, तिच्यात जादा पारा काढून ठेवून हवी ती पातळी गाठावयाची. तापमान किती, हे हा तापमापक सांगतच नाही. किती उतरले तेवढेच सांगतो. त्यातही द्रव लहरी. पारा गोठणबिंदूच्या खाली घसरत जातो, तरी स्फटिकाचा पत्ता नसतो. मग एकाएकी स्फटिक धरतात आणि पारा उसळी घेऊन वर येतो. त्या उसळीनंतरचा आकडा टिपावयाचा असतो.

या उपकरणाच्या मानाने १९२२ मध्ये रास्ट यांनी सुचविलेली रीत गरिबाघरची म्हणावी लागेल. त्यांनी द्रावक म्हणून चक्क कापूर घेतला. कापूर सुमारे १७९ अंशांना वितळतो, आणि त्याच्यातील घट पाण्याच्या वीसपट, किलोला सुमारे ४० अंश. साधा तापमापक आणि चिमूटभर भुकटी यांवर काम भागते.

राऊल यांच्या नियमाला दोन ठिकाणी मात्र विपरीत उत्तरे येत. बेंझीनमध्ये अ‍ॅसिटिक अम्लाचा रेणुभार ६० ऐवजी १२० च्या जवळ भरे, आणि पाण्यात मिठाचा ५८.५ ऐवजी सुमारे ३१. पहिल्याचा उलगडा असा की बेंझीनमध्ये त्या अम्लाचे रेणू जोडीजोडीने राहतात. दुसरे कोडे अधिक बिकट होते. व्हांट हॉफ यांनी आपल्या समीकरणात एक गुणक घालून तात्पुरती डागडुजी केली. स्वीडनचे तरुण आऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये स्पष्ट सांगितले की मीठ पाण्यात अखंड राहतच नाही. त्याचे विद्युत्‌भारित असे दोन आयन होतात, म्हणून मोजणी दुप्पट येते. ज्या विद्यापीठाने त्यांच्या १८८४ च्या प्रबंधाला हलकी श्रेणी दिली होती, त्याला पुढे १९०३ चे नोबेल पारितोषिक पाहावे लागले.

आज रेणुभार काढण्यासाठी प्रयोगशाळांत वस्तुमान-वर्णपटमापक असतो, आणि बेकमानचा तापमापक बहुधा कपाटात असतो. गोठणबिंदूची मोजणी मात्र दुग्धालयांत टिकून आहे. दूध शून्याखाली साधारण अर्ध्या अंशावर गोठते, आणि जनावर बदलले तरी हा आकडा फारसा हलत नाही, कारण तो रक्ताच्या तोलाशी बांधलेला असतो. साय काढून पाणी घातले तर लॅक्टोमीटर फसतो. एकाने घनता वाढते, दुसऱ्याने कमी होते. गोठणबिंदूला सायीची दखल नसते, कारण स्निग्धाचे गोळे विरघळलेले नसतात. दहावा भाग पाणी मिसळले की घटही सुमारे दहाव्या भागाने कमी भरते. त्यावरही मीठ किंवा साखर घालून आकडा सावरणारे महाभाग आहेतच. त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात.